कोल्बेंचा फोटो दरवर्षी टाकता, त्यांचा छापखाना कधी बघितलात का? मीडिया कमिट्यांना खुलं पत्र

माननीय बिशप महोदय, मीडिया कमिट्यांवरचे फादर, सिस्टर आणि प्रापंचिक सभासद, सगळ्यांना जय ख्रिस्त!

हे पत्र कुठल्या एका धर्मप्रांताला लिहिलेलं नाही, त्यामुळे कुणी अंगावर ओढून घेऊ नये, पण कुणी अगदीच झटकून टाकू पण नये. मी पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मासिकाची प्रूफं वाचतो, पानं लावतो, वेळ पडली तर गठ्ठे स्कूटरवर टाकून वाटतो पण. ह्या कामातली जी माणसं इकडे तिकडे भेटतात त्यांच्याकडून गेली काही वर्षं एकच ऐकतोय, की मासिक आता परवडत नाही, कागद महागला, पोस्टाचं काही खरं नाही, तरुण वाचत नाहीत, तेव्हा छपाई बंद करू आणि पीडीएफ व्हॉट्सॅपवर टाकू. ठीक आहे, पीडीएफला माझा विरोध नाही, मी स्वतःच ती बनवतो. पण पीडीएफ म्हणजे बहुतेक ठिकाणी मासिक सभ्यपणे बंद करायची पद्धत झालीय, हे आपण सगळे जाणतो आणि मिटिंगमध्ये कुणी बोलत नाही.

मिटिंगमध्ये काय बोललं जातं ते पण सांगतो. सुरुवातीला प्रार्थना, मग कुणीतरी 1556 काढणार, की भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला आणि तो जेजुइट फादरांनी चालवला, मग फादर स्टीफन्स आणि 1616 साली राचोलला छापलेलं ख्रिस्तपुराण, मग त्यातलं ‘भासांमाजि साजिरी मराठिया’ हे आपसूक येतंच, टाळ्या, आणि मग जेवण. मला पण ह्या सगळ्याचा अभिमान आहे हो. पण चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा एक फायदा असा की तिच्यातून आज आपण काय करायला पाहिजे हे कुणी विचारत नाही. म्हणून मी जरा अलीकडचा माणूस काढतो, ज्याचा फोटो तुम्ही 14 ऑगस्टला न चुकता ग्रुपवर टाकता, पट्ट्यापट्ट्यांचे कैद्याचे कपडे, खाली लिहिलेलं असतं पत्रकारांचे आश्रयदाते संत मॅक्सिमिलियन कोल्बे.

नाझींच्या आउशविट्झ छळछावणीतली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 1941 च्या जुलैअखेर कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारायला काढलं, त्यातला गायोव्हनिचेक नावाचा माणूस बायकोमुलांसाठी रडला, आणि हा धर्मगुरू पुढे येऊन म्हणाला त्याच्या जागी मला घ्या. 14 ऑगस्टला फिनॉलचं इंजेक्शन देऊन मारलं. ते हौतात्म्य इतकं मोठं आहे की त्याच्या मागे वीस वर्षांचं काम झाकून गेलं. आणि आपल्या कमिट्यांच्या कामाचं नेमकं तेच आहे, कारण तो माणूस पोलंडमध्ये छापखाना उभा करणारा फादर होता, आणि तो काही सोप्या परिस्थितीत उभा केला नव्हता.

1919 ला रोमहून शिकून परत आला तेव्हा दोन डॉक्टरेट आणि एक क्षय, एवढी कमाई. टीबीमुळे शिकवणं जमेना, प्रवचन द्यायला आवाज पुरेना, झाकोपाने नावाच्या डोंगरातल्या गावी सॅनिटोरियममध्ये बरेच महिने काढले. आपल्याकडे असा फादर असता तर आपण काय केलं असतं? विश्रांती घ्या फादर, सूप घ्या, कॉन्व्हेंटची मिस्सा तेवढी करा. ह्या माणसाने ठरवलं की मासिक काढायचं. क्राकुव्हच्या वरिष्ठांनी परवानगी दिली पण मठाच्या तिजोरीतून एक पैसा मिळणार नाही हे पण सांगून टाकलं, म्हणजे आपल्याकडे देतात तशीच परवानगी. मग हा भीक मागायला बाहेर पडला. चरित्रांमध्ये सांगतात की एका दुकानात शिरला, मागायचं तोंडावर येईना, काहीतरी किरकोळ विकत घेतलं आणि बाहेर आला. तरी पण जानेवारी 1922 मध्ये ‘रित्सेश निएपोकालानेय’, म्हणजे निष्कलंक मातेचा, मारियामातेचा, शिलेदार, ह्या मासिकाच्या 5 हजार प्रती निघाल्या, आणि पहिल्याच अंकात छापून टाकलं की पैशांअभावी पुढचा अंक नियमित निघेलच असं नाही. मला ते वाक्य फार आवडतं. आपल्याकडे शेवटच्या अंकापर्यंत भव्यदिव्य संपादकीय असतं आणि मग एकदम शांतता.

तेव्हा पोलंडमध्ये महागाई कशी होती, तर पोलिश मार्क दर आठवड्याला घसरत होता, छापखाने संप करत होते, आज सांगितलेला दर उद्या लागू नाही. कागद महागला म्हणणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवा. बाहेरच्या छापखान्यांचं हे असं चाललंय बघून कोल्बेंनी ठरवलं की स्वतःचं मशीन घ्यायचं. 1922 च्याच शरद ऋतूत त्यांना ग्रोद्नोच्या मठात पाठवलं होतं, ते गाव आज बेलारूसमध्ये आहे. अमेरिकेतून आलेल्या एका पोलिश वंशाच्या फादरने 100 डॉलर दिले आणि त्यातून सिस्टरांच्या एका कॉन्व्हेंटकडून जुनं हाताने फिरवायचं मशीन घेतलं. त्या मशीनला सगळे आजीबाई म्हणायचे. चाक फिरवून फिरवून ब्रदरांचे, म्हणजे व्रत घेतलेल्या पण धर्मगुरू नसलेल्या मंडळींचे, हात भरून यायचे, आणि ज्याचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं तो फादर स्वतः पण फिरवायला उभा राहायचा. मठातले जुने फादर वैतागले, आवाज होतो, शाई सांडते, धूळ होते, हे काय चाललंय देवाच्या घरात. (हा डायलॉग ओळखीचा वाटला तर योगायोग समजा.)

पाच वर्षांत खप 60 हजारांच्या वर गेला आणि मठाची जागा पुरेना. 1927 मध्ये वॉर्सॉपासून चाळीसेक किलोमीटरवर तेरेसिनजवळ द्रुत्स्की-लुबेत्स्की नावाच्या सरदाराकडे जमीन मागितली. सरदाराने घातलेल्या अटी वरिष्ठांना पटल्या नाहीत, बोलणी फिसकटली, कोल्बेंनी सांगितलं की जमीन नाही तर नाही, आधी तिथे ठेवलेला मारियामातेचा पुतळा तेवढा राहू दे, आणि त्या माणसाने शेवटी जमीन फुकट देऊन टाकली. तिथे लाकडी बराकी टाकून निएपोकालानुव्ह उभं राहिलं, नावाचा अर्थ निष्कलंक मातेचं नगर. 1939 पर्यंत तिथे सातशेच्या वर व्रतस्थ आणि उमेदवार राहत होते, जगातल्या सगळ्यात मोठ्या मठांपैकी एक, आणि त्यात फादर मूठभर, बाकी बहुतेक ब्रदर.

आता इथे जरा थांबतो, कारण माझा सगळा मुद्दा इथेच आहे. हे ब्रदर कोण होते? शेतकऱ्यांची, कामगारांची पोरं. कुणी टाइप जुळवायचा, कुणी ब्लॉक बनवायचा, कुणी रोटरी मशीन सांभाळायचा, कुणी बाइंडिंग, कुणी पत्ते. पत्ते छापायचं मशीन तर त्यांनी स्वतःच डोकं लावून बनवलं होतं. वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला वेगळा विभाग. मोठ्यांचं मासिक वेगळं, लहान पोरांचं वेगळं, आणि जगभरच्या धर्मगुरूंसाठी लॅटिनमध्ये त्रैमासिक. 8 डिसेंबर 1938 ला स्वतःचं रेडिओ केंद्र पण हवेवर गेलं. राहायचं बराकीत, खायचं साधं, झगे ठिगळ लावलेले, पण मशीन मात्र बाजारात मिळेल त्यातलं चांगलं. आपल्याकडे हे बरोबर उलटं आहे ना? सभागृहाला एसी आणि मासिकाला जुना कॉम्प्युटर.

वर्गणी भरली तरच मासिक मिळेल, असा नियम नव्हता, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं. 5 हजारांपासून निघालेला अंक 1938 च्या अखेरीला 10 लाखांच्या घरात गेला. मी हा आकडा लोकांना सांगतो तेव्हा लगेच ऐकू येतं की ते पोलंड होतं, सगळा देश कॅथलिक, आपण इथे मूठभर. बरं मग नागासाकी घ्या.

एप्रिल 1930 मध्ये हा माणूस काही ब्रदरांना घेऊन जपानच्या नागासाकीला उतरला. जपानी येत नाही, हातात पैसे नाहीत, आणि जपानात कॅथलिक म्हणजे पिठात मीठ किती तेवढे. बिशप हायासाका म्हणाले की सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवायला मला माणूस पाहिजे, कोल्बे म्हणाले मी शिकवतो, तुम्ही मला मासिक काढायची परवानगी द्या. सौदा झाला आणि मे महिन्यात, म्हणजे पोचल्यावर महिनाभरात, जपानी मासिकाच्या 10 हजार प्रती निघाल्या, लेख ह्यांनी लॅटिन आणि इटालियनमध्ये लिहायचे आणि तिथल्या लोकांनी जपानीत करायचे. पोलिश भाषेचा हट्ट कुठे नव्हता, वाचणारा ज्या भाषेत वाचतो त्या भाषेत. आता वसईत आपण काय करतो, पोरं इंग्लिश मिडियमला गेली म्हणून मराठी अंक बंद करायचा विचार करतो, आणि त्या पोरांसाठी इंग्रजीत किंवा सोप्या मराठीत किंवा आपल्या सामवेदी, वाडवळी बोलीत काय काढायचं हा विषय अजेंड्यावर येतच नाही. गोव्यातल्या मंडळींचा कोकणी देवनागरी लिपीत लिहायची की रोमी हा वाद मी इथे उघडत नाही, नाहीतर हे पत्र संपायचं नाही.

1932 मध्ये कोल्बे भारतात पण येऊन गेले, केरळात एर्नाकुलमला, तिथे असंच केंद्र काढायचं म्हणून. ते काही झालं नाही. पण केरळाला त्यांची वाट बघायची गरज पण नव्हती, तिकडे फादर चावरा यांनी 1846 मध्येच मान्नानमला लाकडी छापखाना उभा केला होता, बाहेरून मशीन मिळेना तेव्हा केळीच्या खुंटाचा नमुना करून सुताराला दाखवला आणि त्यावरून बनवून घेतलं. त्याच मान्नानमच्या छापखान्यातून 1887 मध्ये ‘दीपिका’ निघालं आणि ते दैनिक आज पण चालू आहे. चावरा 2014 मध्ये संत झाले, त्यांचा फोटो आपण टाकतो का माहीत नाही.

आणि पोलंड आपल्याला फार लांबचं वाटत असेल तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आठवण करून देतो. 1943 ते 1948 पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित तिथे राहिले, बायका आणि पोरं जास्त, आणि त्यातले बरेचसे पूर्व पोलंडच्या पट्ट्यातले, म्हणजे ज्या बाजूला ग्रोद्नो आहे तिकडचे. कोल्हापूरकरांना ते लोक अजून आठवतात. असो, विषय भरकटला.

आता जे भाषणात कुणी सांगत नाही ते. कोल्बेंच्या छापखान्यात सगळं पवित्रच छापलं गेलं असं नाही. 1935 मध्ये निएपोकालानुव्हमधून ‘मावी जेन्निक’ नावाचं दैनिक निघालं, छोटं दैनिक, इतरांपेक्षा स्वस्त, रविवारी दोन लाखांच्या वर खपायचं. त्या दैनिकात ज्यूंच्या विरोधात लिहिलं जायचं, बहिष्काराची भाषा, संशयाची भाषा, त्या काळात पोलंडमध्ये जी हवा होती तीच ह्यांच्या पानांवर. दैनिक सुरू झालं तेव्हा कोल्बे नागासाकीत होते आणि तिथून त्यांनी संपादकांना पत्रं लिहून सांगितलं होतं की द्वेष वाढेल असं छापू नका, हे खरं आहे. पण 1936 मध्ये ते परत येऊन मठाचे प्रमुख झाले आणि दैनिकाचा सूर काही फार बदलला नाही, हे पण खरं आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या लिखाणात पण काही ठिकाणी ज्यूंविषयीचे त्या काळचे खोटे आरोप खरे धरलेले दिसतात. मग युद्ध सुरू झाल्यावर त्याच मठात हाकलून दिलेल्या हजारो लोकांना आसरा मिळाला, त्यात ज्यू पण मोठ्या संख्येने होते, आणि त्यांचं खाणंपिणं ह्याच ब्रदरांनी बघितलं. दोन्ही गोष्टी त्याच माणसाच्या, त्याच मठाच्या. मला एकीने दुसरी पुसली जाते असं वाटत नाही आणि तुम्ही पण पुसू नका, कारण ही गोष्ट तुमच्या फार कामाची आहे.

कामाची कशी ते सांगतो. आज मासिक बंद झालं की ती जागा रिकामी राहत नाही. पॅरिशच्या ग्रुपवर दुसऱ्या धर्मांबद्दल काय काय फॉरवर्ड होतं ते तुम्ही पण वाचता, मी पण वाचतो, आणि आपल्याबद्दल दुसऱ्यांच्या ग्रुपवर काय फिरतं ते पण आपल्याला कळतं. तिथे संपादक नाही, प्रूफ वाचणारा नाही, हे खरं आहे का विचारणारा नाही. निएपोकालानुव्हच्या दैनिकात संपादक होते, मठ होता, रोजची मिस्सा होती, जपानहून संतमाणसाची पत्रं येत होती, तरी घसरलं. मग आपला ॲडमिन, जो ऑफिसमधून घरी जाताना विरार लोकलमध्ये उभा राहून फॉरवर्ड दाबतो, तो काय सांभाळणार?

म्हणून मी म्हणतो की कागद की मोबाइल हा वाद कोल्बेंना कळला पण नसता. त्या माणसाने रेडिओ काढला, विमानतळाचा विचार केला, आज असता तर रील्सचा स्टुडिओ टाकला असता आणि तुमच्याकडे चांगल्या कॅमेऱ्याचे पैसे मागायला आला असता. त्याच्याकडे जे होतं आणि आपल्याकडे नाही ते म्हणजे ह्याच कामासाठी दिलेली माणसं. आपल्याकडे मासिकाचा संपादक म्हणजे ज्या फादरांकडे आधीच पॅरिश आहे, शाळा आहे, बांधकाम चालू आहे, सणाची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आहे आणि वर हे पण बघा. त्यांना जरा कळायला लागतं, लेखक जोडले जातात, तेवढ्यात बदली. नवीन फादर येतात, ते वेगळा लोगो करतात. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचं नाव मराठी साहित्यात झालं त्याचं कारण शोधायला लांब जायला नको, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना ते काम सलग अनेक वर्षं करू दिलं, ते लिहीत राहिले, बाहेरचे मराठी लेखक त्या अंकात येत राहिले, पर्यावरणाच्या लढ्यात उतरले, आणि तोच माणूस 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. 2024 ला फादर गेले तेव्हा आपण सगळ्यांनी श्रद्धांजल्या लिहिल्या. त्यांच्यासारखा दुसरा घडवायला कुणाला किती वर्षं एका जागी ठेवणार, हे मात्र कुणी लिहिलं नाही.

बरं फक्त फादरांच्याच मागे का लागायचं? कोल्बेंच्या छापखान्यात फादर मूठभर होते हे वर लिहिलंय ते ह्यासाठीच. आपल्याकडे आता तेवढे ब्रदर येणार नाहीत, तेवढी व्होकेशन्स, म्हणजे व्रत घ्यायला पुढे येणारी पोरं, नाहीत, मान्य. पण प्रापंचिकांमध्ये डिझायनर आहेत, बँकेतून रिटायर झालेले हिशेब बघणारे आहेत, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या टीचर आहेत, कॉलेजची पोरं आहेत जी फोनवर व्हिडिओ कापतात. त्यांना आपण बोलावतो ते खुर्च्या लावायला आणि दिवाळी-नाताळ अंकाच्या जाहिराती आणायला. पगार तर सोडाच, अंकात नाव पण नसतं. सगळं सेवा म्हणून करा. सेवा करतो हो, पण लेखकाला मानधन नाही, टायपिंगवाल्याला बिल विचारलं की वाईट वाटतं, आणि मग म्हणायचं दर्जा राहिला नाही.

अजून एक. कोल्बेंचा शेवटचा अंक डिसेंबर 1940 आणि जानेवारी 1941 चा जोडअंक होता. जर्मनांच्या ताब्यातला देश, एकदा अटक होऊन सुटलेले, मशीनं बरीचशी जप्त, आणि एवढी एक परवानगी मिळाली. 1 लाख 20 हजार प्रती काढल्या. त्यात त्यांचा लेख होता सत्यावर, की सत्य कुणाला बदलता येत नाही, आपण ते शोधायचं आणि सापडलं की त्याची सेवा करायची. 17 फेब्रुवारी 1941 ला गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, त्यांना घेऊन गेले. हा लेख मराठीत नीट अनुवाद करून छापा कधीतरी, 14 ऑगस्टच्या फोटोबरोबर. दोन पानांत बसेल.

माझं मागणं मोठं नाही. पुढच्या मिटिंगमध्ये ‘मासिक चालू ठेवावे की बंद करावे’ हा विषय काढून टाका आणि त्याऐवजी ‘ह्या कामाला कोण, किती वर्षांसाठी आणि कुठल्या पैशातून’ असा विषय घ्या. एका फादरांना किंवा सिस्टरांना निदान सहा-सात वर्षं फक्त हेच काम द्या, बदली नको, बांधकाम नको. त्यांच्याबरोबर दोन प्रापंचिक पगारावर ठेवा. एक जण असा ठेवा की जो वाचकांच्या पत्रांना आणि मेसेजना उत्तर देईल, रागाच्या पत्रांना पण. ग्रुपवर काय जायचं ते त्या टेबलावरून जाऊ दे. कागदावर किती आणि मोबाइलवर किती हे ती माणसं सहा महिन्यांत तुम्हाला सांगतील, त्यासाठी सब-कमिटी नको. आणि ज्या म्हाताऱ्या आयांना पीडीएफ उघडता येत नाही, ज्या चष्मा लावून शेवटच्या पानावरच्या निधनवार्तेपासून अंक वाचायला सुरुवात करतात, त्यांच्यापुरत्या प्रती तरी छापाच.

पैशाचं म्हणाल तर सणाला मंडप आणि बँडवर जे जातं त्याचा हिशेब पॅरिश कौन्सिलमध्ये वाचून दाखवतात, मी ऐकलाय. त्यातला थोडा भाग वळवला तर वर्षाचे अंक निघतात, हे मी छपाईची बिलं बघणारा माणूस म्हणून सांगतोय, प्रेसवाल्याशी घासाघीस करायला मी येतो.

प्रूफं पण वाचून देईन, नेहमीसारखी. फक्त एक विनंती, ह्यापुढे लेख युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट करताना जोडाक्षरांचं जे होतं, विशेषतः ‘ख्रिस्त’ आणि ‘प्रार्थना’चं, ते बिशपांच्या संदेशात छापून आलं तर तुम्ही मलाच बोलावणार आहात.

आपला,
पॅरिशच्या मासिकाचा एक प्रूफवाला, वसई